फासा पडेल तसा, सामान आपल्या मनासारखं

‘यातलं सगळ्यात भारी हत्यार कोणतं?’ व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुठल्याही मुलाचा हा पहिला प्रश्न असतो. त्याच गेममध्ये फासे दिसले, की घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न वेगळा असतो. ‘हा जुगार तर नाही ना?’ आमच्या घरात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी निघाले आणि दोन्हींचं उत्तर शेवटी वहीच्या एकाच पानावर मिळालं. ते पान आज तुमच्यासमोर ठेवते.

माझी थोडी ओळख करून देते. मी मूळची रामाकोन्याची. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सौंसरच्या पुढे आमचं गाव लागतं. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर तालुक्यासोबत आम्हीही त्यात गेलो. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची खिचडी, असं आमचं वाढणं. आता मी नागपूरला गणित शिकवते. सुट्टीत गावी गेले की नववीतला भाचाही येतो, आणि त्याच्यामुळेच हा खेळ माझ्या हाती लागला.

खेळ आहे तरी काय?

खेळाचं नाव ‘डाइसी डंजन्स’. टेरी कॅव्हना या आयरिश गेमकाराने तो तयार केला. संगीत चिपझेल यांचं आणि चित्रं मार्लो डॉब यांची. १३ ऑगस्ट २०१९ रोजी तो कॉम्प्युटरवर आला आणि २०२२ मध्ये मोबाइलवर.

गोष्ट गमतीची आहे. टीव्हीवर बक्षिसांचा एक कार्यक्रम चालू आहे आणि त्याची यजमान आहे ‘लेडी लक’, म्हणजे साक्षात नशीबबाई. जो स्पर्धक तिच्या शोमध्ये येतो, त्याचं ती चालत्याबोलत्या फाशात रूपांतर करते आणि तळघरात सोडते. योद्धा, चोर, रोबो, संशोधक, चेटकीण आणि विदूषक असे सहा स्पर्धक. प्रत्येकाची खेळायची रीत वेगळी. चोर दर डावाला समोरच्याची एखादी वस्तू उसनी घेतो. संशोधकाला प्रत्येक लढाईनंतर स्वतःची एक वस्तू मोडावी लागते. बक्षीस मात्र कुणाच्याच हाती लागताना दिसत नाही.

अशा खेळांना ‘रोगलाइक’ म्हणतात. हे नाव १९८० सालच्या ‘रोग’ या कॉम्प्युटर गेमवरून पडलं. यांच्या दोन खुणा लक्षात ठेवा. दरवेळी तळघर नवं रचलं जातं, म्हणून पाठांतर चालत नाही. आणि हरलात की पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.

लढाई सोपी आहे. आपली पाळी आली की फासे आपोआप पडतात. पडलेला प्रत्येक फासा उचलून कुठल्या तरी वस्तूत टाकायचा. तलवारीत पाच टाकला तर शत्रूला पाचचा मार. वाटेत पेट्यांतून, दुकानांतून नवं सामान मिळत जातं, पण ते बाळगायला जागा ठरलेली असते आणि मोठी हत्यारं दोन घरं अडवतात. म्हणजे सगळं घेता येत नाही. निवडावंच लागतं. पातळी वाढेल तसे फासेही वाढतात.

एक फासा: तलवार की कुऱ्हाड?

भाच्याला कुऱ्हाड मिळाली आणि तो उड्या मारायला लागला. ‘मावशी, ही दुप्पट मार देते!’ खरंच देते. फाशावर जेवढे ठिपके, त्याच्या दुप्पट. पण तिला एक अट आहे. चारपर्यंतचाच फासा चालतो. पाच किंवा सहा पडला तर कुऱ्हाड नुसती बघत बसते.

मी म्हटलं, वही आण. हातात एकच फासा आहे असं धरू आणि सहाही तोंडं लिहून काढू.

तलवार: १, २, ३, ४, ५, ६. बेरीज २१. सहाने भागलं की सरासरी ३.५.

कुऱ्हाड: २, ४, ६, ८, ०, ०. बेरीज २०. सरासरी ३.३.

दुप्पट मार देणारी कुऱ्हाड साध्या तलवारीपेक्षा कणभर मागेच राहिली! भाच्याने बेरीज दोनदा तपासली. डोळ्यांत आठचा आकडा भरतो आणि ती दोन शून्यं कुणी मोजत नाही.

दोन फासे: आता चित्र पालटतं

आता फासे दोन घेऊ, हत्यार मात्र एकच. दोन्हींतला सोयीचा फासा आपण हत्याराला देणार. दोन फाशांच्या सहा गुणिले सहा, म्हणजे छत्तीस शक्यता. त्या लिहून पाहिल्या तर तलवारीची सरासरी ४.५ च्या आसपास येते आणि कुऱ्हाडीची बरोबर ५. कारण दोन्ही फासे चारच्या वर जाण्याची शक्यता छत्तीसात फक्त चार आहे. एकट्या फाशाला मागे पडलेली कुऱ्हाड दोन फाशांत पुढे गेली. तीन फासे असतील तर ती आणखी पुढे जाते, जवळजवळ ५.९ वर. तलवार तेव्हा ५ च्या किंचित खाली असते.

म्हणून ‘कुठलं हत्यार भारी’ असं कुणी विचारलं, तर आधी विचारा, हातात फासे किती आहेत?

खरी मजा पुढे आहे. दोन फासे आणि दोन हत्यारं घेऊ. समजा जागेची अडचण नाही. तीन जोड्या शक्य आहेत. दोन तलवारी, दोन कुऱ्हाडी, किंवा एक तलवार आणि एक कुऱ्हाड. छत्तीस शक्यतांमधल्या एकूण माराची बेरीज अशी आली:

दोन तलवारी: २५२, म्हणजे सरासरी ७.

दोन कुऱ्हाडी: २४०, म्हणजे सरासरी ६.७.

एक तलवार, एक कुऱ्हाड: ३२१, म्हणजे सरासरी ८.९.

मिश्र जोडी दोघींनाही सहज मागे टाकते. तीन आणि सहा पडले असं समजा. दोन तलवारी नऊचा मार देतील. दोन कुऱ्हाडींत सहाचा फासा वाया जाईल आणि तीनचे सहाच मिळतील. मिश्र जोडीत तीन कुऱ्हाडीला, सहा तलवारीला, एकूण बारा.

मिश्र जोडी प्रत्येक डावात जिंकते असं मात्र समजू नका. पाच आणि सहा पडले तर दोन तलवारी अकरा देतात, मिश्र जोडी सहाच देते. एक आणि दोन पडले तर दोन कुऱ्हाडी सहा देतात, मिश्र जोडी पाच. एखाद्या डावापुरती दुसरी जोडी सरस ठरते. पण तळघर एका डावात संपत नाही. शिवाय मिश्र जोडीत हात पूर्ण रिकामा कधीच जात नाही. दोन कुऱ्हाडींत मात्र नवातला एक डाव शून्यावर जातो, आणि रोगलाइकमध्ये असा एक डाव सगळी मेहनत बुडवायला पुरतो.

सराट्याची करामत

या खेळात ‘स्पॅच्युला’ नावाची एक वस्तू मिळते. स्पॅच्युला म्हणजे आपला सराटा, पुण्यामुंबईकडच्यांचं उलथणं. पोळी उलटावी तसा तो फासा उलटा करतो. स्वतः मार देत नाही, म्हणून मुलं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

फाशाच्या समोरासमोरच्या तोंडांची बेरीज नेहमी सात असते. म्हणजे एक उलटला की सहा आणि दोन उलटला की पाच. एका फाशाला तलवार आणि सोबत सराटा असेल, तर लहान आकडा उलटायचा आणि मोठा तसाच ठेवायचा. सहा शक्यता होतात ६, ५, ४, ४, ५, ६. बेरीज ३०, सरासरी ५. साडेतीनची तलवार थेट पाचवर गेली, तेही तलवारीला हात न लावता. तोच सराटा कुऱ्हाडीसोबत दिला तर सरासरी ४.७ येते. म्हणजे सराटा तलवारीच्या जास्त उपयोगी पडतो.

अशा मदतनीस वस्तू आणखी आहेत. ‘बम्प’ फासा एकाने वाढवतो. ‘कॉम्बॅट रोल’ फासा पुन्हा टाकू देतो. ‘लॉकपिक’ एका फाशाचे दोन करतो. तीनपर्यंतच्याच फाशावर चालणारा, पण एका डावात पुन्हा पुन्हा वापरता येणारा खंजीर जवळ असेल, तर लॉकपिकने मोठा फासा तोडून त्याला लहान तुकडे पुरवता येतात. काही वस्तूंवर उलटी मोजणी असते. त्यांत कुठलाही फासा टाका, तेवढा आकडा कमी होतो आणि शून्य झालं की वस्तू काम करते. दुसरीकडे निरुपयोगी ठरलेल्या फाशाला तिथे जागा मिळते.

समोर कोण आहे, तेही बघा

नकाशावर पुढचे शत्रू आधीच दिसतात. काही जण फासे गोठवतात, म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा फासा एक होऊन जातो. काही फाशांना आग लावतात, तो वापरायचा तर आपलंच रक्त खर्च होतं. काही तुमच्या वस्तूला झटका देतात आणि ती सोडवायला एक फासा घालवावा लागतो.

मोठ्या आकड्यावर चालणारं सगळं सामान घेऊन तुम्ही गोठवणाऱ्यासमोर गेलात, तर त्याचं कामच सोपं होतं. तिथे लहान फाशाला चालणारा खंजीर किंवा कुऱ्हाड बरी. तसंच, झटका देणाऱ्यासमोर एकाच वस्तूवर सगळी भिस्त ठेवू नये. सामान अधूनमधून बदलावं लागतं. मागच्या लढाईत ज्याने जिंकवलं, ते पुढच्या लढाईत ओझं होऊ शकतं.

आजीचा प्रश्न

आम्ही वहीत घरं भरत होतो तेव्हा आजी येऊन उभी राहिली. ‘काय करून राहिले तुम्ही दोघं?’ भाच्याने उत्साहाने फासे दाखवले आणि तिचा चेहराच बदलला. ‘फासे घरात आणून राहिले? शकुनीनं कमी केलं का? आपल्या गल्लीत काय झालं ते विसरले?’

गल्लीत काय झालं ते आम्हाला ठाऊक होतं. एका घरातल्या मुलाने मोबाइलवर पैसे लावून खेळता खेळता बरीच रक्कम घालवली होती आणि ती फेडायला घरच्यांना संत्र्याचं त्या वर्षीचं उत्पन्न द्यावं लागलं. आजीच्या बोलण्याला तो आधार होता. तिला ‘जुन्या काळची’ म्हणून हसण्यावारी नेणं बरोबर झालं नसतं. भाच्याने मोबाइल बाजूला ठेवला. ‘आजी, डिलीट करू का?’ त्याचा आवाज बारीक झाला होता.

मी वहीचं पुढचं पान काढलं. समजा कुणी म्हणालं, दहा रुपये लाव, एक आकडा सांग. तो पडला तर पन्नास रुपये तुझे, नाही पडला तर दहा गेले. साठ वेळा खेळलो तर खिशातून सहाशे जातील. आपला आकडा साधारण दहा वेळा पडेल, म्हणजे पाचशे परत येतील. शंभर रुपये त्याच्या गल्ल्यात. एखाद्या दिवशी आपण पुढे असू, पण जितकं जास्त खेळू तितका हा हिशेब पक्का होत जातो. इथे कुऱ्हाड नाही, सराटा नाही, जोडी लावायची सोय नाही. फाशाच्या प्रत्येक तोंडाची किंमत समोरच्याने आधीच ठरवून ठेवली आहे आणि आपल्या हातात फक्त किती लावायचं तेवढंच आहे.

भाच्याच्या खेळात पैसा एकदाच जातो, विकत घेताना. नंतर हरलो तर वेळ जातो, दमडी जात नाही. आणि कुठल्या तोंडाची किंमत किती, हे बऱ्याच अंशी आपण सामान निवडून ठरवतो. जुगार आणि हा खेळ यांतला फरक मला तरी याच्याइतक्या सोप्या भाषेत दुसरीकडे सापडलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्यात बंदी आहे. तरीही कुठल्या ना कुठल्या लिंकवरून बोलावणं येतच राहतं. म्हणून मुलांना हा साठ वेळांचा हिशेब स्वतःच्या हाताने करू द्या, असं मी आईवडिलांना सुचवेन. नुसत्या ‘नको’पेक्षा तो जास्त दिवस लक्षात राहतो.

आजीने हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘पैसा नसंल तर खेळा. पण मग माझ्याशी चिंचोक्यांनी खेळून दाखवा.’

चिंचोक्यांचं गणित

आम्ही घरी अष्टाचंग खेळतो. जमिनीवर खडूने पाच गुणिले पाच घरं, फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही, आणि फाशाऐवजी मधोमध फोडलेले चार चिंचोके. एक पांढरं पडलं तर एक घर, दोन पांढरी तर दोन, तीन पांढरी तर तीन. चारही पांढरी पडली तर चार आणि चारही काळी पडली तर आठ.

फाशाची सहाही तोंडं सारख्याच वेळा पडतात. चिंचोक्यांचं तसं नाही. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर सोळा शक्यतांपैकी सहा वेळा दोन येतात, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चार व आठ फक्त एकेकदा. आजीला हे कुणी शिकवलेलं नाही. पण तिची सोंगटी नेहमी आमच्या सोंगटीच्या दोन घरं मागे येऊन थांबते. आम्ही आठ पडायची वाट बघत बसतो आणि ती दोनावर आमची सोंगटी उचलते. त्या संध्याकाळी तिने आम्हाला सलग तीनदा हरवलं.

बागेतली जोडी

आमचा भाग संत्र्याचा. बाबांचीही बाग आहे. रात्री जेवताना त्यांनी तलवार-कुऱ्हाडीचं पान वाचलं आणि म्हणाले, ‘हे तर आपल्या बहाराचं आहे.’

संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळ दिवाळीच्या पुढेमागे हाती येतं. मृग बहारासाठी मे महिन्यात झाडांना पाण्याचा ताण द्यायचा, जूनच्या पावसावर फुलं येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाला उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पुरायला हवं. मृगाला पाऊस वेळेवर यायला हवा. बाबा अर्धी बाग आंबियावर धरतात, अर्धी मृगावर. एखाद्या वर्षी सगळी बाग एकाच बहारावर धरली असती तर जास्त मिळालं असतं, हे त्यांना माहीत आहे. पाच आणि सहा पडल्यावर दोन तलवारी सरस ठरतात तसंच हे. पण बाबांना हिशेब एका वर्षाचा मांडायचा नसतो. ‘पाऊस कधी येईल ते माझ्या हातात नाही. किती झाडांना ताण द्यायचा, ते आहे,’ एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

निवडताना स्वतःला विचारा

भाच्याने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःसाठी प्रश्न लिहून ठेवले. फाशांच्या कुठल्याही रोगलाइक खेळात ते उपयोगी पडतील.

१. मला फासे किती मिळतात? एक-दोनच असतील तर अट असलेल्या हत्याराला जपून घ्या.

२. एकापासून सहापर्यंत प्रत्येक आकड्याला माझ्याकडे काम आहे का? ज्या आकड्याला काम नाही, ती फट आधी बुजवा.

३. नवी वस्तू जुन्या वस्तूला मदत करते, की तिच्याच फाशासाठी भांडते?

४. ही वस्तू किती घरं अडवते आणि तिच्यासाठी काय सोडावं लागेल?

५. नकाशावर पुढे कोण उभं आहे?

६. माझा सगळ्यात वाईट डाव किती वाईट असेल? तो झेलून मी उभा राहीन का?

सहावा प्रश्न त्याने आजीशी हरल्यावर लिहिला.

तुमच्या घरी हा खेळ नसला तरी काही बिघडत नाही. लुडोचे दोन फासे काढा, कागदावर छत्तीस घरं आखा आणि ‘तलवार की कुऱ्हाड’ हा हिशेब मुलांसोबत एकदा मांडून बघा. अर्धा तास पुरतो. चिंचोके मिळाले तर उत्तमच. फक्त आजीसमोर बसायचं असेल, तर तिची सोंगटी दोन घरं मागे आहे का, ते आधी बघून घ्या.